सरकारी इंटर्नशिप आणि पुढची सरकारी नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की प्रश्नांची रांग लागते. मुख्यमंत्री फेलोशिपला बसू का, नीती आयोगाला मराठी माध्यमाची मुलं घेतात का, ग्रामपंचायतीत सहा महिने काढले तर पुढे कायम करतील का. पुढची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. रकमा आणि अटी दर जाहिरातीत बदलतात. म्हणून वर्ष दिलंय तिथे तो आकडा त्या वर्षापुरता धरा.

सरकारी कार्यालयात इंटर्नशिप केली की सरकारी नोकरी लागते का?

नाही. हे आधी पक्कं करून मग बाकीचं वाचा.

राज्यघटनेच्या कलम १६ नुसार सरकारी पदासाठी सगळ्यांना समान संधी द्यावी लागते. म्हणजे जाहिरात, खुली स्पर्धा, आरक्षणाची बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी) आणि गुणवत्ता यादी या मार्गानेच भरती. त्यासाठी केंद्रात यूपीएससी आणि राज्यात एमपीएससी आहे, शिवाय गट-क पदांच्या वेगळ्या परीक्षा आहेत. साहेबांना तुमचं काम कितीही आवडलं, तरी ते तुम्हाला आस्थापनेवर, म्हणजे कायम नोकरीत, घेऊ शकत नाहीत. तो अधिकारच त्यांच्याकडे नाही.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या खटल्यात हे स्पष्ट केलं: भरतीचे नियम डावलून तात्पुरतं घेतलेल्याला केवळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर रिक्त पदांवर दहा वर्षं आणि त्याहून जास्त राबलेल्यांसाठी त्याच निकालाने एकदाच सवलत दिली होती. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणार्थ्याचा त्या सवलतीशी काही संबंध नाही. गावातला एखादा पुढारी ‘आत शिरा, मग बघू’ म्हणाला, तर मान डोलवा आणि अभ्यास चालू ठेवा.

मग करायची कशाला?

कारण आपली मुलं जी नोकरी मिळवण्यासाठी पाच-सात वर्षं घालतात, ती नोकरी प्रत्यक्षात कशी असते हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून जिल्हाधिकारी दिसतो तो भाषणात नाहीतर रीलमध्ये. रीलमध्ये नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, दिसत नाही.

एखाद्या मंत्रालयीन विभागात महिनाभर बसलात, तर एकच नस्ती नीट बघा. टपालात पत्र येतं, आवक क्रमांक पडतो, ते कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे, जातं. सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितात: आधीचा शासन निर्णय काय म्हणतो, वित्त विभागाचं मत लागेल का, यापूर्वी अशाच प्रकरणात काय केलं. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव. वरून ती खाली येते आणि समासात दोनच शब्द असतात, ‘चर्चा करावी’. नव्या माणसाला वाटतं, झालं, आता चर्चा होईल. मुरलेल्या माणसाला कळतं की साहेबांना हे आत्ता नको आहे, किंवा टिपणीत काहीतरी राहिलंय आणि ते लिहून विचारायचं नाहीये. यातलं नेमकं काय, हे ओळखायला शिकणं म्हणजेच प्रशासन शिकणं. आता ई-ऑफिसमुळे नस्ती पडद्यावर फिरते. शेरे तेच आहेत.

जिल्हा पातळीवर याची दुसरी बाजू दिसते. लाभार्थी यादीत नाव आहे पण आधारला जोडलेलं बँक खातं बंद पडलंय, म्हणून पैसे परत गेलेत. अशी वीस प्रकरणं हातावेगळी केलीत की ‘थेट लाभ हस्तांतरण’ या विषयावर कुठल्याही क्लासच्या नोट्स लागत नाहीत.

आणि काहींना महिनाभरात कळतं की हे आपलं काम नव्हे. ते कळणंही मोलाचं आहे, पंचविशीत कळलं तर फारच.

महाराष्ट्रातली सगळ्यात वजनदार संधी कोणती?

मुख्यमंत्री फेलोशिप. ती २०१५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली आणि २०२३ पासून पुन्हा चालू झाली. नियोजन विभागाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत ती राबवली जाते. २०२५-२६ च्या जाहिरातीनुसार जागा ६० आणि वय २१ ते २६. पदवीला किमान ६० टक्के हवेत आणि एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव हवा. मानधन दरमहा ५६,१०० रुपये आणि प्रवासखर्चापोटी ५,४०० रुपये, एकूण ६१,५००. यातला ५६,१०० हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण नव्या उपजिल्हाधिकाऱ्याचं मूळ वेतन तिथूनच सुरू होतं. फेलोचा दर्जाही गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष धरला जातो. मात्र समकक्ष म्हणजे तो अधिकारी नव्हे. सही त्याची चालत नाही.

कालावधी बारा महिने. त्याबरोबर आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर स्तरावरचा अभ्यासक्रमही करावा लागतो. नेमणूक जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका अशा ठिकाणी होते.

एक वर्षाच्या अनुभवाची अट कशी पूर्ण करायची? मी तर आत्ताच पदवीधर झालोय.

या अटीवर बरेच अर्ज बाद होतात. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा आर्टिकलशिप (सीएच्या विद्यार्थ्यांची उमेदवारी) धरली जाते. मित्राच्या संस्थेत शनिवार-रविवारी केलेलं काम धरलं जात नाही. ज्याला ही फेलोशिप मनापासून हवी आहे त्याने पदवीनंतरचं पहिलं वर्ष पूर्णवेळ कुठेतरी काढावं आणि नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, अनुभव प्रमाणपत्र त्या त्या वेळीच घेऊन ठेवावं. संस्था सोडल्यावर दोन वर्षांनी प्रमाणपत्र मागायला गेलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

निवड तीन टप्प्यांत होते: ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा, त्यातून पुढे आलेल्यांचे निबंध आणि मुंबईत मुलाखत. परीक्षा एमपीएससीवाल्यांना जड जात नाही. गळती निबंधात होते. ‘शेतकरी हा देशाचा कणा आहे’ छापाचा निबंध तिथे चालत नाही. आपल्या तालुक्यातला एक प्रश्न घ्या. तो कुठल्या खात्याचा, त्यावर आज कुठली योजना आहे आणि ती नेमकी कुठे अडते, एवढं साध्या मराठीत लिहिता आलं पाहिजे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हीच का?

नाही. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. ही योजना २०२४ मध्ये आली आणि ती कौशल्य विकास विभागाकडे आहे. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचं अधिवास, नोंदणी महास्वयंम पोर्टलवर. सुरू झाली तेव्हा विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना होतं, थेट बँक खात्यात. मुदत सहा महिने होती, नंतर ती एकूण अकरा महिने झाली. ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना ही योजना नाही, म्हणजे शब्दशः अर्थाने ही विद्यार्थ्यांची इंटर्नशिप नव्हेच.

यातून हजारो मुलं शाळा, ग्रामपंचायती, तहसील आणि कृषी कार्यालयांत गेली. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनंही झाली. मुलांची बाजू समजते. जिथे मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत तिथे त्यांनी प्रत्यक्षात कारकुनाचं काम ओढलं. पण ही योजना प्रशिक्षणाची आहे आणि तिच्यातून कायम होण्याचा हक्क निघत नाही. माझं मत विचाराल तर दोष मुलांच्या अपेक्षेचा कमी आणि रिकाम्या खुर्च्यांवर प्रशिक्षणार्थी बसवण्याचा जास्त.

आणि पीएम इंटर्नशिप?

ती सरकारची योजना आहे, पण काम खासगी कंपन्यांत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा वय २१ ते २४, बारा महिने, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकरकमी ६,००० असं स्वरूप होतं. लोकसेवेची ओळख व्हावी म्हणून करणार असाल, तर ही ती नव्हे.

दिल्लीतल्या संधी कोणत्या? मराठी माध्यमाच्या मुलांना जमतं का?

तीन नावं लक्षात ठेवा.

नीती आयोग. दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान ऑनलाइन अर्जाची खिडकी उघडते. इंटर्नशिप किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. पदवीच्या विद्यार्थ्याचं दुसरं वर्ष पूर्ण हवं आणि बारावीला ८५ टक्के हवेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष पूर्ण हवं आणि पदवीला ७० टक्के हवेत. मानधन नाही, लॅपटॉपही स्वतःचा न्यायचा. बारावीला ८५ नसतील तर हातपाय गाळू नका, एम.ए. किंवा एम.कॉम.ला असताना पदवीच्या गुणांवर अर्ज करा. बारावीचे गुण मग आड येत नाहीत.

परराष्ट्र मंत्रालय. हे वर्षातून दोन सत्रांत इंटर्न घेतं. दरमहा १०,००० रुपये मिळतात आणि जाण्यायेण्याचं विमानभाडंही मर्यादेत मिळतं. निवडीत सगळ्या राज्यांना प्रतिनिधित्व मिळावं आणि मागास जिल्ह्यांतल्या मुलांना प्राधान्य मिळावं, अशी रचना केलेली आहे. त्यामुळे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीने ‘आपलं काय तिथे’ म्हणून अर्ज न करणं म्हणजे हातचं सोडून देणं.

रिझर्व्ह बँक. ही तर मुंबईतच आहे. उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज आदल्या वर्षी १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबरदरम्यान जातात. आपल्याकडे बहुतेकांना याची आठवण मार्चमध्ये होते.

माध्यमाचं म्हणाल, तर दिल्लीत काम इंग्रजीत आणि बोलणं हिंदीत चालतं. इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं. दोन पानांचं टिपण मात्र चुकांशिवाय लिहिता यायला हवं. सराव म्हणून आर्थिक पाहणी अहवालातलं एक प्रकरण घ्या आणि त्याचा एका पानात गोषवारा करा. दर आठवड्याला एक.

बिनपगारी इंटर्नशिप परवडायची कशी?

बहुतेकांना परवडत नाही, हेच खरं उत्तर आहे. दिल्लीत दोन महिने राहायचं म्हणजे खोली, मेस आणि मेट्रो आली. ज्याच्या घरून एवढे पैसे येऊ शकतात त्याच्याच अर्जावर ‘नीती आयोग’ ही ओळ चढते. सरकारने बिनपगारी इंटर्नशिप बंद कराव्यात या मताचा मी आहे. ज्या धोरणाचा फटका गरिबाला बसतो ते ठरवताना टेबलाशी गरिबाघरचं पोर नसावं, हे बरं नाही.

तोवर काय करायचं? घराजवळचं बघा. जिल्हा नियोजन समितीचं काम चालतं ते कार्यालय, जिल्हा परिषदेचा आरोग्य किंवा शिक्षण विभाग, नगरपरिषद. शहरी भागासाठी केंद्राची ‘ट्यूलिप’ योजना आहे. ती जून २०२० मध्ये सुरू झाली आणि पदवी मिळून दीड वर्षाच्या आतल्या उमेदवारांना नगरपालिका, महापालिका, स्मार्ट सिटी कंपन्यांत काम देते. मानधन त्या त्या संस्थेवर अवलंबून असतं, अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

कॉलेजचं ऑन जॉब ट्रेनिंग सरकारी कार्यालयात करता येईल का?

येईल, आणि मला विचाराल तर तिथेच करा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांत यासाठी चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे १२० तास. बहुतेक मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात आणि १२० तास वाया जातात.

प्राचार्यांचं पत्र घ्या आणि गटविकास अधिकाऱ्यांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना स्वतः भेटा. पत्रात ‘इंटर्नशिप मिळावी’ एवढंच लिहू नका, काम सुचवा. उदाहरणार्थ: ‘आपल्या तालुक्यातील दहा ग्रामपंचायतींचे विकास आराखडे आणि प्रत्यक्ष खर्च यांचा तुलनात्मक तक्ता तयार करून देऊ.’ कार्यालयात माणसं कमी असतात. तक्ता करून देणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. सोमवारी सकाळी जाऊ नका आणि मार्चमध्ये तर नकोच. मार्चअखेरला सगळं कार्यालय बिलांत बुडालेलं असतं.

आवक शाखेत पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. हा पहिला धडा समजा.

इंटर्नशिपचा अनुभव भरतीत कुठेच मोजला जात नाही का?

थोड्या ठिकाणी मोजला जातो.

रेल्वेत अप्रेंटिस कायद्याखाली प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या पदांच्या, थेट भरतीत २० टक्के जागा असतात. परीक्षा त्यांनाही द्यावी लागते, पण स्पर्धा आपसात होते. आयटीआयच्या मुलांनी हे पाहिलंच पाहिजे. पांढरपेशा घरांत याची चर्चा होत नाही म्हणून ते कमी महत्त्वाचं ठरत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क (संशोधन सहायक) म्हणून केलेलं काम या तीन वर्षांत धरायचं असंही सांगितलं. म्हणजे उच्च न्यायालयातली लॉ क्लर्कशिप आता न्यायसेवेच्या वाटेवरचा खराखुरा टप्पा आहे.

तिसरी जागा कंत्राटी पदांची. ग्रामीण बचत गटांचं उमेद अभियान, राष्ट्रीय आरोग्य अभियान, राज्य सरकारची ‘मित्रा’ ही धोरण संस्था, नीती आयोगातले यंग प्रोफेशनल. इथे जाहिरातीतच अनुभव मागतात आणि फेलोशिप उपयोगी पडते. काम चांगलं असतं, शिकायला भरपूर मिळतं. पण करार दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो, हे लग्नाची बोलणी चालू असताना सासरच्यांना समजावणं कठीण जातं.

फेलोशिप करता करता यूपीएससी-एमपीएससीचा अभ्यास होतो का?

मुख्यमंत्री फेलोशिपसारखं पूर्णवेळ काम असेल तर होत नाही. होतो म्हणणारे एकतर काम करत नाहीत, नाहीतर अभ्यास. दौरे असतात, रात्री नऊला ‘उद्या सकाळी सादरीकरण’ असा निरोप येतो. ते वर्ष वयातून गेलं असं धरूनच निर्णय घ्या. यूपीएससीला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, एमपीएससीला ३८ वर्षं. तेविसाव्या वर्षी एक वर्ष फेलोशिपला देणं परवडतं. सव्विसाव्या वर्षी, तीन प्रयत्न झाल्यावर, दोनदा विचार करा.

दोन महिन्यांची इंटर्नशिप मात्र अभ्यासात बसते. उलट तिने फायदाच होतो.

मुलाखतीत याचा उपयोग होतो का?

होतो. यूपीएससीची मुलाखत २७५ गुणांची असते आणि तिचा बराचसा भाग तुम्ही भरलेल्या तपशीलवार अर्जावर चालतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. लेखी १,७५० आणि मुलाखत २७५. वर्णनात्मक उत्तरात ‘योजनेची प्रभावी अंमलबजावणी व्हावी’ असं सगळेच लिहितात. ज्याने अंमलबजावणी अडताना पाहिली आहे तो लिहितो की तालुक्याला डेटा एंट्री ऑपरेटर एकच आहे आणि पोर्टल दुपारी बसतं. तपासणाऱ्याला फरक कळतो.

उलटंही होऊ शकतं. अर्जात ‘जिल्हा परिषदेत इंटर्न’ लिहिलं आणि जिल्हा परिषदेचा स्वनिधी म्हणजे काय हे सांगता आलं नाही, तर ती ओळ न लिहिलेली बरी.

विधिमंडळात किंवा खासदारांसोबत काम करायचं असेल तर?

राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे संसदीय अभ्यासवर्ग होतो. विद्यापीठाच्या विभागाकडून नावं जातात, म्हणून विभागप्रमुखांना दिवाळीआधीच विचारा. दिल्लीत संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी पीआरएस ही संस्था लॅम्प फेलोशिप चालवते. खासदारांचे संशोधन सहायक म्हणून वर्षभर काम असतं. ती सरकारी नाही, पण कायदा कसा घडतो हे जवळून बघायला त्यासारखी जागा नाही.

लॅटरल एंट्रीने थेट वर जाता येतं ना?

लॅटरल एंट्री म्हणजे बाहेरच्या अनुभवी लोकांना थेट वरच्या पदावर घेणं. ती इंटर्नशिपवाल्यांसाठी नाही. सहसचिव पदासाठी पंधरा वर्षांचा अनुभव मागितला होता. ऑगस्ट २०२४ ची ४५ पदांची जाहिरात आरक्षणाच्या मुद्द्यावरून तीन दिवसांत मागेही घेतली गेली. हा विषय सध्या डोक्यातून काढा.

परदेशात इंटर्नला कायम करतात असं ऐकलंय. खरं का?

अमेरिकेत तशी तरतूद आहे. तिथल्या संघराज्य सरकारच्या पाथवेज कार्यक्रमात ठरावीक तास काम आणि शिक्षण पूर्ण केलेल्या इंटर्नला कायम पदावर घेता येतं, आणि ते बहुतांशी अमेरिकी नागरिकांसाठीच आहे. तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांनी जरूर पाहावं. पण तिथेही सगळं पक्कं नसतं. १९७७ पासून चाललेली प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोशिप फेब्रुवारी २०२५ मध्ये एका आदेशाने बंद झाली.

संपल्यावर काय काय घेऊन बाहेर पडायचं?

प्रमाणपत्र, त्यावर जावक क्रमांक आणि दिनांक. नुसता गोल शिक्का पुरत नाही. तुम्ही केलेल्या अहवालाची प्रत परवानगी घेऊन ठेवा. लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक असलेली कुठलीही फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ नका, आणि नस्तीचे फोटो तर स्टेटसला मुळीच नकोत. दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून पैसे मागतायत. द्यावेत का?

देऊ नका. काही योजनांना अधिकृत अर्जशुल्क असतं, मुख्यमंत्री फेलोशिपला २०२५-२६ मध्ये ५०० रुपये होतं, आणि ते संकेतस्थळावरच भरायचं असतं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. व्हॉट्सअॅपवर शासन निर्णयाची पीडीएफ आली तर खाली छापलेला सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तोच शासन निर्णय उघडला तर खरा. सुरक्षा ठेव, गणवेश, ओळखपत्र, ‘मंत्रालयातल्या साहेबांचा वाटा’ यांपैकी कशाचंही नाव निघालं तर फोन ठेवा. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते आणि मग ती गोठवणं अवघड होतं.